आकाशवाटांचा कारभार (भाग ५) : बोलण्याकडून लिहिण्याकडे

रडारला विमान कसे दिसते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. दिसलेल्या विमानाशी बोलायचे कसे, हा आजचा विषय.

परभणीला विमानतळ नाही, पण आभाळ मोकळे नसते. जिंतूर-सेलूच्या शिवारातून दिसणारी पांढरी रेघ बहुधा ३५ हजार फुटांवरच्या विमानाची असते. अशा विमानाशी बोलणे व्हीएचएफ रेडिओवरून होते. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आड येते. ३५ हजार फुटांवरच्या विमानाशी जमिनीवरून फार तर सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत बोलता येते. मुंबई-परभणी हवाई अंतर सुमारे ४१० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या अँटेनाचा आवाज इथवर जेमतेम पोचणार. विमान १० हजार फुटांवर उतरले, की हाच पल्ला सव्वादोनशेवर येतो. म्हणून नियंत्रक एका शहरात बसतो आणि त्याचा आवाज वाटेतल्या दूरस्थ केंद्रांवरून विमानापर्यंत जातो.

पल्ल्याचा प्रश्न असा सुटतो, गर्दीचा सुटत नाही. एका पट्ट्यातली सगळी विमाने एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. एक बोलत असेल तर बाकीच्यांनी थांबायचे. दोघांनी एकदम बटण दाबले तर कानात नुसती शिट्टी. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर नेमक्या निर्णायक क्षणी दोन संदेश असेच एकमेकांवर आदळले. दोन विमाने धडकली आणि ५८३ माणसे गेली.

आपल्याकडची जखम चरखी दादरीची. १२ नोव्हेंबर १९९६ला दिल्लीत उतरू पाहणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, समोरून वर येणाऱ्या सौदी विमानाला १४ हजारांवर. कझाक विमान त्याहून खाली आले, दोन्ही विमाने धडकली आणि ३४९ जण मेले. त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ ऑपरेटर एक आणि विमान चालवणारे दुसरेच होते. सूचना तोंडातून कानात आणि तिथून पुन्हा दुसऱ्याच्या कानात जाते, तेव्हा ती कुठेही निसटू शकते.

यावरचा उपाय म्हणजे डेटालिंक, वैमानिकांच्या बोलीत सीपीडीएलसी. नियंत्रक ठरावीक वाक्यांतून सूचना निवडून पाठवतो. कॉकपिटमध्ये घंटी वाजते, मजकूर पडद्यावर उमटतो, वैमानिक ‘विल्को’ (तसे करतो) किंवा ‘अनेबल’ (शक्य नाही) असे उत्तर देतो. उंचीचा आकडा लिहिलेला राहतो, पुन्हा वाचता येतो. अरबी समुद्रावर, जिथे व्हीएचएफ पोचत नाही आणि लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओची खरखर जीव खाते, तिथे मुंबईचे नियंत्रक उपग्रहामार्फत हीच पद्धत वापरतात. युरोपने २०२०पासून २८,५०० फुटांवरच्या बहुतेक विमानांना ही यंत्रणा सक्तीची केली आहे.

मात्र लेखी संदेशाचे उत्तर यायला वेळ लागतो. शिवाय रेडिओवर आजूबाजूच्या विमानांचे संभाषण आपसूक कानावर पडते आणि वैमानिकाला परिस्थितीचा अंदाज येतो. डेटालिंकवर ते बंद होते. म्हणून नेहमीच्या सूचना पडद्यावर द्याव्यात आणि संकटातला हुकूम आवाजानेच द्यावा, ही विभागणी मला योग्य वाटते. समुद्रावर रुळलेली डेटालिंकची पद्धत देशाच्या गजबजलेल्या भूभागावरही लवकर रुळायला हवी.

त्यासाठी आवाज आणि डेटालिंक दोन्ही हाताळणारी माणसे लागतील. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. करणारे किंवा अभियांत्रिकीचे पदवीधर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या नियंत्रक पदाच्या परीक्षेला बसू शकतात. परभणीतल्या मुलामुलींनी प्राधिकरणाच्या जाहिरातीवर जरूर लक्ष ठेवावे.