गिटार वाजवताय? आधी गुणगुणून बघा!

मोबाईलवर बघून तुम्ही एखादा अवघड सोलो जसाच्या तसा बसवता. मित्र टाळ्या वाजवतात. मग कुणीतरी म्हणतं, “आता तुझं स्वतःचं काहीतरी वाजव ना!” आणि बोटं थबकतात. असं झालंय ना?

बंगळुरूच्या ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ या बँडकडे बघा. १९९६ मध्ये सुरुवात झालेल्या या बँडने स्वतःची गाणी रचण्यावर भर दिला. गिटारवादक आणि गायक ब्रूस ली मणी यांच्या वादनात रॉकबरोबर ब्लूज, जॅझ आणि फंकही ऐकू येतं. या मिश्रणाला त्यांनी आपल्या शहराचंच नाव दिलं, ‘बँगलोर रॉक’!

तुमचा सूर कसा सापडेल?

आधी कान तयार करा : तार ओढून सूर चढवायचा असेल, तर दोन फ्रेट पुढचा सूर आधी वाजवून ऐका. मग तार ओढून नेमकं तिथेच पोहोचा.

घाई नको : मेट्रोनोम हळू लावा. चूक न होता वाजलं, की मगच वेग वाढवा.

मग गिटार बाजूला ठेवा : एखादी चाल गुणगुणा, रेकॉर्ड करा आणि तीच तारांवर शोधा. बोटं सवयीच्या जागीच धावतात. गळ्याला मात्र श्वासासाठी थांबावं लागतं, म्हणून चालीला मोकळी जागा मिळते.

या चालीत आजीची ओवी किंवा घरची आरती डोकावली, तर तिला हाकलू नका. तुमचं वेगळेपण कदाचित तिथेच असेल!