‘मणक्यात गॅप’ नावाचं दुखणं

सस्तापूर बंगल्यापाशी ट्रकखाली वाकून काम करणारा असो की तुरीच्या राशीवर राबणारी बाई, बसवकल्याणच्या अवतीभवती कंबरदुखीचं निदान ठरलेलं : ‘मणक्यात गॅप आहे.’ एक्स-रेचं पाकीट पिशवीत घालून माणसं वर्षानुवर्षं वाकणंच सोडून देतात.

खरं तर दोन मणक्यांमध्ये चकती असते. वयानुसार ती सुकून चपटी होते. म्हणजे फट वाढत नाही, उलट कमी होते! आणि झिजली म्हणून ती दुखेलच असंही नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. केसही पिकतातच की.

‘जेवढी इजा, तेवढं दुखणं’ हाही गैरसमजच. नसांची टोकं फक्त धोक्याची वर्दी देतात. ती किती मनावर घ्यायची, हे मेंदू ठरवतो. हरळय्या-कल्याणम्मा या शरण दांपत्यानं आपल्याच मांडीच्या कातड्याचे जोडे गुरू बसवण्णांसाठी शिवले, ही कथा इथं पोराटोरांना ठाऊक आहे. कथेला पुरावा मागू नये. पण दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर डॉ. हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, तेव्हा बहुतेकांना वेदनाशामक नकोच होतं. उलट धास्ती, जागरण, काळजी यांनी तेच दुखणं वाढतं. म्हणून ते खोटं ठरत नाही.

ठेच लागली की आपण चोळतो, त्यालाही आधार आहे. स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतो, असं मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. बामची चुरचुरही तेवढंच करते, रोग ‘ओढून काढत’ नाही.

‘गोळीपेक्षा सुई भारी’? बहुधा औषध तेच असतं. डायक्लोफिनॅकसारखं औषध मनानंच रोज घेतलं, तर जठराला व्रण पडू शकतो, मूत्रपिंडं बिघडू शकतात. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरण्यापेक्षा शेक, चालणं आणि हळूहळू कामाला लागणं बरं.

मात्र पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथून सांगितलं तर बीदर किंवा कलबुर्गीला जा.