कोळशाचा मुलूख – भाग ९ : वर्स्लीचं पाणी

अ‍ॅस्टली ग्रीनच्या जुन्या खाणीवर आज जायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण चंद्रपूरहून आलेल्या एका पत्राने मला मँचेस्टरजवळच्या वर्स्लीतच अडवून धरलंय. लिहिणारे गृहस्थ कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. ते विचारतात, ‘खाणीत पाणी भरलं की आमचं सगळं लक्ष पंपाकडे. तुमच्या त्या ड्यूकने १७६० च्या सुमारास एवढं पाणी उपसलं तरी कशाने?’

ड्यूक म्हणजे इथल्या कोळसा खाणींचा मालक, आणि प्रश्न वर्स्लीच्या मुळाला हात घालणारा आहे. मुख्य पातळीवरचं आणि तिच्या वरचं पाणी त्यांनी उपसलंच नाही. ते आपल्या पायाने बाहेर येईल अशी वाट करून दिली.

गेल्या आठवड्यात आपण डेल्फच्या काठावर उभे होतो. ती वालुकाश्माची जुनी खदान सखल जागी आहे आणि जमीन उत्तरेला वॉकडेनकडे चढत जाते. कोळशाचे थर त्या चढाच्या पोटात. तेव्हा सखल बाजूने आडवा बोगदा मारला, की त्याच्या वरच्या थरांतलं पाणी उताराने वाहून जातं. ड्यूकच्या वडिलांनी १७२९ मध्येच असा एक निचऱ्याचा बोगदा खणवला होता. नवी गोष्ट पुढची : बोगदा इतका रुंद आणि सपाट करायचा, की त्यातून होडी चालावी. मग खाणीचा निचरा होतो, कोळसा पाण्यावरूनच बाहेर येतो आणि तेच पाणी बाहेरच्या कालव्याला मिळतं. वर्स्ली ते मँचेस्टर हा कालवा एकाच पातळीवर नेला, वाटेत एकही जलपाश नाही, त्यामुळे पाणी लागायचंही बेताचं. खाणीचा शत्रू होता तो तिचा हमाल झाला. १७६१ च्या जुलैत कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला.

श्रेय बहुतेक पुस्तकं जेम्स ब्रिंडलीला देतात. ब्रिंडली मोठा माणूस होता, यात वाद नाही. लिहिण्यावाचण्याशी फारसा संबंध नसलेला हा गिरणी-यंत्रांचा कारागीर अर्वेल नदीवरून बार्टनला कालवा पुलावर चढवून नेतो, खाली होड्या आणि वरही होड्या, हे बघायला लोक लांबून येत. पण खाण आणि कालवा यांची सांगड ज्याने घातली तो ड्यूकचा कारभारी जॉन गिल्बर्ट, असं माझं बऱ्याच वर्षांचं ठाम मत आहे. खाणीचा व्यवहार रोज त्याच्या हातात होता. ब्रिंडली आला १७५९ मध्ये. कोळशाचे थर कुठे आणि पाणी कुठून येतं, हे त्याआधीच गिल्बर्टच्या डोक्यात होतं. वर्स्लीत ब्रिंडलीचं नाव चटकन कानावर येतं, गिल्बर्टचं विचारून घ्यावं लागतं. मला हे खटकतं.

जमिनीखालचं हे जाळं वाढत वाढत सुमारे ४६ मैलांवर गेलं, म्हणजे ७४ किलोमीटर, आणि तेही चार वेगवेगळ्या पातळ्यांवर. पातळ्या जोडायला १७९७ मध्ये जमिनीखालीच एक उतरण तयार झाली. भरलेली होडी खाली जाताना रिकामीला वर ओढायची. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा उतरतो आणि दुसरा वर येतो, तसं. या होड्यांना स्टार्व्हेशनर म्हणत. लांब, चिंचोळ्या, आतून लाकडी फासळ्या उघड्या. त्या हलवायला माणसं छताला नाहीतर भिंतीला पाय रेटत पुढे सरकायची. स्त्रिया आणि लहान मुलंही खाली राबत होती. स्त्रियांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना भूगर्भात उतरवायला १८४२ च्या कायद्याने बंदी घातली. आजची वर्स्ली बघताना हे मनातून जाऊ देऊ नये.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती : डेल्फच्या फोटोतलं ते नारंगी पाणी कारखान्याचं का? नाही, ते खाणीचंच. कोळशाच्या थरांत पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज. खणल्यावर हवा आणि पाणी तिथवर पोचतात आणि लोह पाण्यात विरघळतं. बोगद्याबाहेर भरपूर हवा मिळाली, की ते गंज होऊन गाळासारखं खाली बसतं. जवळची मोस्ली कॉमन खाण १९६८ मध्ये बंद झाली, पण बोगदे अजून निचरा करताहेत. पाणी स्वच्छ करण्याचे प्रयत्न झालेत, होताहेत. रंग मात्र शहाण्याला पुरेसं सांगून जातो.

आता काठावरची घरं. वर्स्ली ग्रीनवरची हिरवळ, भोवतालची काळ्या लाकडी पट्ट्यांची पांढरी घरं पाहून कुणालाही वाटेल, हे आधीपासूनच असं निवांत खेडं असणार. आज इथे आवाज येतो तो जवळच्या मोटरवेचा. पण हिरवळीच्या जागी ड्यूकचं कामाचं आवार होतं : सुतारशाळा, लोहारशाळा, होड्यांची दुरुस्ती, धुराडं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडलं. धुराड्याच्या बुंध्याचं स्मारक केलं, त्यावर लॅटिन मजकूर कोरला, आणि त्याला वळसा घालून लोक कुत्री फिरवतात.

आवारातलं घड्याळही वाचलं. असं सांगतात, की जेवणाच्या सुट्टीनंतर कामगार उशिरा यायचे आणि म्हणायचे, एकाचा एकच ठोका ऐकू आला नाही. ड्यूकने घड्याळ असं करून घेतलं, की एक वाजता तेरा ठोके पडावेत. आवार गेल्यावर ते घड्याळ सेंट मार्क चर्चच्या मनोऱ्यात गेलं. हे चर्च जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधलेलं, १८४६ चं. तिथे अजूनही दुपारी एकला तेरा पडतात. वर्स्लीला जाणार असाल तर साडेबाराला ग्रीनवर पोचा, म्हणजे घाई होणार नाही.

पुढच्या रविवारी नक्की अ‍ॅस्टली ग्रीन. लँकेशरमध्ये खाणीच्या तोंडावरचा पोलादी मनोरा एकच उरलाय, तो तिथे आहे, आणि त्याच्या शेजारच्या इमारतीत वाफेवर चालणारं अवाढव्य ओढयंत्र. चंद्रपूरच्या गृहस्थांना ते यंत्र विशेष आवडेल. त्यांच्या खाणीत माणसं वर-खाली नेणारं यंत्र कसं होतं, हे त्यांनी तोवर कळवलं तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.