नेब्रास्काचे विधिमंडळ

राज्याचा कारभार कायद्यांनी चालतो आणि कायदे करण्याचे काम विधिमंडळाकडे असते. परंतु विधिमंडळालाही नियमांचे बंधन हवे. त्याने वर्षातून किती दिवस भरावे, सभासदांस किती वेतन द्यावे, एकाच व्यक्तीने किती काळ सभासद राहावे, हे प्रश्न वरवर लहान वाटतात. पण त्यांच्या उत्तरांवर लोकशाहीचे आरोग्य अवलंबून असते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते.

नेब्रास्का हा शेतीप्रधान प्रदेश. लिंकन ही त्याची राजधानी. महाराष्ट्रात विधानसभा व विधान परिषद आहेत, तशी तेथेही पूर्वी दोन सभागृहे होती. एकात १०० व दुसऱ्यात ३३ सभासद असत. एकाची चूक दुसऱ्याने सुधारावी, हा त्यामागील हेतू. व्यवहारात मात्र निराळेच घडे. दोहोंत मतभेद झाला की विधेयक एका लहान संयुक्त समितीकडे जाई. ही समिती बंद दाराआड बसे. एखादे हिताचे कलम तेथे गळाले, तर ते कोणी गाळले हे मतदारांस कळत नसे. एक सभागृह दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि जबाबदारी कोणावरच येत नसे.

जॉर्ज नॉरिस या वयोवृद्ध लोकनेत्यास ही गोष्ट खटकली. १९३४ साली, वयाची सत्तरी उलटली असताना, त्यांनी मोटारीने राज्यभर हिंडून लोकांस आपला विचार पटवून दिला. त्याच वर्षी मतदारांनी एका सभागृहाच्या बाजूने कौल दिला आणि जानेवारी १९३७ मध्ये ४३ सभासदांचे नवे विधिमंडळ भरले. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या पक्षाचे नावही राहिले नाही. आज तेथे ४९ सभासद आहेत. प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते व सामान्य नागरिकही तेथे आपले म्हणणे मांडू शकतो. अमेरिकेच्या ५० राज्यांत एकच सभागृह असलेले हे एकमेव राज्य होय.

तथापि एक प्रश्न सुटला म्हणजे सर्व प्रश्न सुटतात असे नाही. हे विधिमंडळ साधारणतः एका वर्षी ९० व दुसऱ्या वर्षी ६० दिवस काम करते. सभासदास वर्षाला १२,००० डॉलर वेतन मिळते. एवढ्यावर तेथे संसार चालत नाही. सभासदाने आपला धंदा सांभाळून लोकसेवा करावी, ही कल्पना चांगली. पण रोजंदारीच्या कामगाराने इतके दिवस काम सोडून राजधानीत कसे राहावे? अशाने सधन माणसांनाच हे पद परवडते.

मुदतीचेही तसेच. २००० साली मतदारांनी ठरविले की, कोणीही चार-चार वर्षांच्या दोनच मुदती सलग सभासद राहावे. यामुळे नव्या माणसांस संधी मिळाली. परंतु कामात मुरलेल्या सभासदांस घरी बसावे लागले.

वेतन वाढवावे व तिसरी मुदत द्यावी, असे दोन प्रस्ताव २०१२ साली लोकांपुढे आले. मतदारांनी दोन्ही फेटाळले. प्रतिनिधी कायदे करतात. पण प्रतिनिधींना बांधणारे हे नियम तेथे लोकच ठरवितात. म्हणून प्रत्येक नियमाने काय लाभते व काय गमवावे लागते, याचा विचार करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते.