‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ नसतो

शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि परळची रुग्णालये उरणकरांना जवळ आली. मात्र रुग्ण ‘बॉम्बे’ रक्तगटाचा असेल, तर आधी दाता शोधावा लागतो. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत या गटाची नोंद केली. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो.

ए आणि बी प्रतिजने ‘एच’ या पायावर उभी राहतात. इथे तो पायाच नसतो. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत हे रक्त ‘ओ’ भासते. खरा ‘ओ’ चढवला, तर रुग्णाची प्रतिद्रव्ये त्या पेशी फोडतात आणि जिवावर बेतते. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींत मिसळताच गुठळ्या झाल्या, की संशय बळावतो. ‘अँटी-एच’ चाचणीने खात्री होते.

तांबड्या पेशी शीतपेटीत जेमतेम ४२ दिवस टिकतात. म्हणून साठ्यापेक्षा दात्यांची यादी मोलाची. सख्ख्या भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता चारांत एक असते. घरात कुणाचा ‘बॉम्बे’ गट निघाला, तर भावंडांचीही तपासणी करून घ्या आणि रक्तपेढीत नाव नोंदवा.