धर्म पसरवण्याचा खेळ पुण्यात मांडला तर

धर्म स्थापन करून तो पसरवण्याचा व्हिडिओ गेम रचायला बसलेल्या माणसापुढे पहिली अडचण उभी राहते ती मोजमापाची. श्रद्धा मोजायची कशानं? 1989 च्या ‘पॉप्युलस’मध्ये खेळणारा स्वतःच देव असायचा आणि भक्त वाढले की त्याची ताकद वाढायची. 1997 च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये पुजारी शत्रूच्या सैनिकासमोर मंत्र म्हणतो आणि थोड्या वेळात त्या सैनिकाचा रंग बदलून तो आपल्या बाजूला येतो. ‘सिव्हिलायझेशन’ या गाजलेल्या मालिकेत श्रद्धेचे गुण साठवायचे, प्रेषित मिळवायचा, धर्माला नाव द्यायचं आणि शिकवण यादीतून निवडायची. तिच्या सहाव्या भागात जगातल्या प्रत्येक संस्कृतीत आपला धर्म वरचढ झाला की डाव जिंकला. 2022 मध्ये आलेल्या ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’मध्ये एक कोकरू पंथ चालवतं, अनुयायांना जेवू घालतं, प्रवचन देतं आणि त्यांच्या भक्तीवर बलवान होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत खरी वाटलेली युक्ती ‘सिव्हिलायझेशन’च्या पाचव्या भागात आहे. त्याच्या 2013 च्या विस्तारात धर्माचा प्रभाव व्यापारी मार्गांवरून एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो. मालाबरोबर विचार जातो, हे त्या रचनाकारांनी बरोबर ओळखलं. पुण्यात हे समजून घ्यायला गुलटेकडीच्या मार्केट यार्डासारखी दुसरी जागा नाही. रात्री जुन्नर, खेड, पुरंदरकडून गाड्या लागतात. अडते, हमाल, तोलणार, टेम्पोवाले आणि शेतकरी पहाटेपर्यंत एकाच गाळ्यापुढे उभे असतात. भाव आणि पट्टीच्या बोलण्यातच कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुठल्या गावची जत्रा कधी, कुणी कुणाला वाळीत टाकलं, हेही कळतं. रिकाम्या गाडीबरोबर ती बातमी गावी परतते. यार्ड गुलटेकडीला येण्याआधी भुसाराचा घाऊक व्यापार नाना आणि भवानी पेठांत चाले, भाजीपाल्याचा मंडईच्या भागात. त्या मंडईला आज महात्मा फुल्यांचं नाव आहे.

खेळाची कथा मी तिथूनच सुरू करीन. जोतीराव फुले यांचं घराणं फुलांच्या धंद्यातलं. ते स्वतः कंत्राटदार होते. शेतकरी, माळी, गवंडी, मजूर यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिक एक आहे, त्याच्यापर्यंत पोहोचायला मध्यस्थ लागत नाही आणि माणूस जन्मानं नव्हे, गुणानं मोठा ठरतो, हा त्याचा गाभा. 1876 पर्यंत सभासद 316 झाले. ‘सिव्हिलायझेशन’च्या हिशेबात हा आकडा एका गावाचाही रंग बदलणार नाही. तरीही या सभासदांनी महाराष्ट्र हलवला. हे कसं घडलं, ते खेळातून कळलं पाहिजे.

म्हणून माझ्या खेळात श्रद्धेचे गुण नाहीत. प्रत्येक डावात एक कुटुंब आणि एक निर्णय. घरात लग्न आहे. भटजीला बोलवायचं की नाही? 25 डिसेंबर 1873 रोजी सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं लग्न पुरोहिताशिवाय लागलं. सावित्रीबाई फुले यांचा त्यात पुढाकार होता. मंगलाष्टकांच्या जागी वधू-वरांनी एकमेकांना वचनं दिली. कागदावर हे सोपं दिसतं. पण त्या घरच्या माणसाला किती बाजूंनी विचार करावा लागत असेल! सोयरे येतील का? धाकट्या मुलीला स्थळ मिळेल का? सावकार उद्या दारात उभा राहील का? जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीविना लग्न लावलं, तेव्हा गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं. नव्या धर्माची किंमत इथे मोजली जाते, जोशांच्या दक्षिणेत, वकिलाच्या खर्चात आणि तुटलेल्या सोयरिकीत. खेळणाऱ्याच्या हाती असावं ते एवढंच, की त्या घरामागे किती माणसं उभी करता येतील.

दुसरी गोष्ट जुन्या देवांची. परदेशी गेममध्ये नवा धर्म आला की जुना पुसला जातो. इथं तसं झालं नाही. सत्यशोधकांच्या सुरुवातीच्या शपथा खंडोबापुढे बेलभंडारा उचलून घेतल्या जात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हाही मुद्दा मांडला. 10 जून 1890 रोजी ती सुट्टी मिळाली. रविवारी आपण निवांत असतो, त्यात त्या भंडाऱ्याचा वाटा आहे. खेळात जुनी श्रद्धा अडथळा म्हणून दाखवली, तर हा सगळा मार्गच बंद होईल.

प्रसाराची साधनंही निराळी ठेवावी लागतील. 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ हे पत्र काढलं, पुढे लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवलं. तमाशाचा बाज घेऊन सत्यशोधकी जलसे गावोगाव गेले. 1910 मध्ये मुकुंदराव पाटलांचं ‘दीनमित्र’ सुरू झालं आणि ते नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत राहिलं. ज्या गावात वाचणारे थोडे, तिथे जलसा खर्ची घालायचा. जिथे एक जण वाचून दहांना ऐकवतो, तिथे अंक पाठवायचा. रस्ते मात्र बाजाराचेच.

खरी कसोटी आहे नकाशाची. अर्धांगवायूनं उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हातानं ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये छापलं गेलं. त्यात एका घराची कल्पना आहे: पत्नीनं बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावं, पतीनं बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीनं कुराण वाचून मुसलमान आणि मुलानं सत्यधर्मी, आणि चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमानं राहावं. धर्मसंस्थापकानंच आपल्या धर्माला घरातल्या चौघांपैकी एकाची जागा द्यावी, यापेक्षा मोठं धाडस मला कुठल्या गेममध्ये दिसलेलं नाही. एका शहराला एक रंग देणारा नकाशा इथे निरुपयोगी आहे. इथे घराला चार रंग हवेत आणि चारही टिकले तरच गुण. हे प्रोग्रामिंगला अवघड आहे, पण खेळाचा जीव त्यातच आहे.

आणि 28 नोव्हेंबर 1890 ला खेळणाऱ्याचं पात्र, म्हणजे जोतीराव, मरतं. त्यानंतरही डाव चालू राहायला हवा. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं, 1893 मध्ये सासवडच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांनीच केलं. पुढे शाहू महाराजांचा भक्कम आधार मिळाला. पण 1920 मध्ये त्यांनीच क्षात्रजगद्गुरू नेमला. ज्या चळवळीनं मध्यस्थ नाकारला, तिच्या पाठीराख्यानं नवा गुरू गादीवर बसवावा, हे काही सत्यशोधकांना पटलं नाही. चळवळीतली बरीच शक्ती नंतर ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणात गेली. संस्थापकानं आधी काय पेरलं आणि काय विसरलं, ते या टप्प्यावर उघडं पडतं. खेळणाऱ्यानं इथे फक्त बघायचं, बटणं दाबायची नाहीत.

शेवटचा टप्पा पुन्हा गुलटेकडीला. बाबा आढाव यांनी 1950 च्या दशकात उभी केलेली हमाल पंचायत, मार्केट यार्डातलं हमाल भवन, 1974 पासूनची स्वस्त जेवणाची ‘कष्टाची भाकर’, ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम आणि ‘पुरोगामी सत्यशोधक’ हे नियतकालिक, हे सगळं त्याच पेरणीतून आलं. देवळात गेलं तर यातलं काही दिसणार नाही, पोती उचलणाऱ्या माणसाच्या मजुरीच्या दरात दिसेल. खेळात तो दर मोजण्याची सोय हवी.

हे करणारे हात पुण्यात आहेत. 2020 मध्ये जगभर खेळला गेलेला ‘राजी’ हा गेम इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला. फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1969 मध्येच प्रसिद्ध केलं आहे. पहिला नमुना ओतूरच्या एका लग्नापुरता केला तरी पुरे. त्यात वर, वधू, पाटील, जोशी, सावकार आणि बाजाराला निघालेली एक बैलगाडी एवढीच पात्रं लागतील.