खड्ड्यातली 'खट्‌खट्' कुठून येते?

गाडीचं चाक वर-खाली होतं तेव्हा सस्पेन्शनचे सांधे थोडे फिरतात. धातूवर धातू आदळू नये म्हणून तिथे रबरी बुश किंवा ग्रीस भरलेले बॉल जॉइंट असतात. ते झिजले की फट पडते आणि प्रत्येक हादऱ्याला ठोका ऐकू येतो.

आवाज केव्हा येतो, यावरून दोष शोधता येतो. अँटी-रोल बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. एकच चाक उचललं गेलं की तो पिळला जातो. म्हणून जर खडबडीत रस्त्यावर हळू जाताना खट्‌खट् होते, पण दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढताना ती कमी होते, तर आधी या बारला सस्पेन्शनशी जोडणारा लिंक रॉड तपासावा. ब्रेक दाबताना एकच ठोका आला तर संशय चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशवर. उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवताना आवाज आला तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडीचं) वरचं माउंट पाहावं.

लिंक रॉड स्वस्त असतो आणि लवकर बदलून होतो. बुश बदलल्यावर मात्र बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बॉल जॉइंट सैल असेल तर गाडी चालवू नका. तो निखळला तर चाकच कोलमडतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. भक्कम स्टँड लावाच.